रंग गेला, पण पाणी शुद्ध झाले का?

गेल्या अंकाच्या चौथ्या पानावर आम्ही विज्ञान प्रदर्शनाचे एक छायाचित्र छापले होते. नववीची तीन मुले, समोर काचेची दोन भांडी. एकातले पाणी लालभडक, दुसऱ्यातले नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ. खाली ओळ होती : 'रंगीत सांडपाणी वीस मिनिटांत शुद्ध!' ती ओळ आमचीच. मुलांच्या तक्त्यावरही 'शुद्ध' हाच शब्द होता. पण मुले लिहितात ते तपासणे हे मोठ्यांचे काम आणि छापण्यापूर्वी तपासणे हे तर आमचेच काम. ते आम्ही केले नाही. ती ओळ चुकीची होती. तिच्या जागी 'रंगीत पाणी वीस मिनिटांत रंगहीन' असे वाचावे, ही विनंती.

एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी एवढे मोठे टिपण कशाला, असे काही पालकांना वाटेल. प्रदर्शनानंतर या एका शब्दावरून शिक्षकांच्या खोलीत, पालक सभेत आणि विश्वस्तांच्या बैठकीतही जे बोलणे झाले, त्यामुळे आम्हांला हे लिहावेसे वाटले. शिवाय आपण बडोद्यात राहतो. या गावात रंगाची गोष्ट ही घरातलीच गोष्ट आहे.

आधी मुलांच्या प्रयोगाविषयी. प्रयोग छानच होता, हे निःसंशय. मंगळ बाजारातून कापड रंगवायची पुडी आणली, चिमूटभर रंग अर्धा लिटर पाण्यात विरघळवला, त्यात चमचाभर मीठ घातले. जुन्या सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या पाण्यात सोडल्या आणि त्या १२ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडल्या. कांड्यांभोवती बुडबुडे येऊ लागले, पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास सुटला आणि पाहता पाहता लाल रंग गुलाबी झाला, गुलाबी फिका झाला आणि नाहीसा झाला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

पण आठवीतली एक मुलगी टाळ्या न वाजवता भांड्याच्या तळाकडे पाहत होती. तिथे काळी भुकटी साचली होती. "बाई, हा काळा गाळ कुठून आला? आणि पाणी शुद्ध झालं असेल तर याला वास का येतोय?" असे तिने विचारले. गर्दी होती, पुढचे पाहुणे येत होते. तिला 'नंतर सांगते' असे उत्तर मिळाले. तिने नंतरची वाट पाहिली नाही. दोन्ही भांड्यांतले थोडे थोडे पाणी बाटल्यांत भरून घरी नेले आणि मूग भिजत घातले. एका वाटीत नळाचे पाणी, दुसरीत तेवढेच मीठ घातलेले साधे पाणी, तिसरीत रंगीत पाणी आणि चौथीत आपले 'शुद्ध' पाणी. मिठाच्या पाण्याची वेगळी वाटी तिला कोणी सुचवली होती, असे आम्ही विचारले. "मिठानेच मूग मेले असं कोणी म्हणू नये म्हणून," ती म्हणाली. हे ऐकून आम्हांला प्रदर्शनातल्या बक्षिसांची यादी पुन्हा पाहावीशी वाटली!

नळाच्या पाण्यातल्या जवळजवळ सगळ्या मुगांना मोड आले. मिठाच्या आणि रंगाच्या वाट्यांतल्यांना उशिरा का होईना, पण बऱ्याचशांना आले. 'शुद्ध' पाण्यातले मात्र अगदी थोडे फुटले. चार वाट्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही तिला सांगितले आणि तिला ते पटलेही. तिने पुन्हा केले. या खेपेस स्वच्छ झालेले पाणी दोन दिवस उन्हात उघडे ठेवून मग वापरले. तेव्हा मोड आले, पण आखूड.

आता यात घडते काय, ते थोडे समजून घेऊ. मोठ्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. धाकट्यांनी कंटाळा आल्यास खुशाल दोन परिच्छेद सोडावेत.

मिठाच्या पाण्यातून वीज गेली की धनाग्रापाशी क्लोरीन तयार होतो. तो पाण्यात विरघळून हायपोक्लोराइट बनते. आपण पांढरे कपडे ज्याने विरंजित करतो तेच हे द्रव्य. कापडाच्या बहुतेक रंगांत दोन नायट्रोजन अणूंचा एक दुवा असतो, त्याला ॲझो बंध म्हणतात. त्या दुव्यामुळे रेणूला रंग असतो. हायपोक्लोराइट तो दुवा तोडते आणि रंग जातो. पण दुवा तुटला म्हणून रेणू संपला असे नाही. माळेचे सूत तुटले तरी मणी जागेवरच राहतात, तसे रेणूचे तुकडे पाण्यात राहतात. त्यांतल्या काहींना क्लोरीन चिकटून नवी द्रव्ये होतात, ती मूळ रंगापेक्षाही वाईट असू शकतात. दुसऱ्या बाजूला ऋणाग्रापाशी तोच दुवा वेगळ्या रीतीने, क्षपण होऊन तुटतो आणि ॲरोमॅटिक अमीन तयार होतात. ही द्रव्ये बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांच्यातल्या काहींचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध आहे. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा रोग आढळल्याचे मांडले होते. पुढे बेंझिडीनसारख्या अमीनांवर ठपका आला आणि आपल्या देशानेही १९९० च्या दशकात अशा अमीनांपासून बनणाऱ्या शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली.

आणि तो काळा गाळ? तो खुद्द कांडीचा होता. कार्बनची कांडी धनाग्र म्हणून वापरली की ती हळूहळू झिजते, तिचे कण गळून पाण्यात पडतात. म्हणजे पाणी साफ करायला घातलेली वस्तूच पाणी घाण करू लागते. मुलीने बोट ठेवले ते नेमके या विषयाच्या दुखऱ्या जागेवर. जगभरच्या प्रयोगशाळांत गेली कित्येक दशके जी खटपट चालली आहे, ती पुष्कळशी याच कांडीसाठी आहे.

टायटॅनियम धातू झिजत नाही. पण तो धनाग्र म्हणून लावला तर त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो आणि वीज जायचीच थांबते. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी त्यावर रुथेनियम ऑक्साइडचा पातळ लेप देण्याची युक्ती काढली. लेपामुळे वीज जाऊ लागली आणि कांडी वर्षानुवर्षे टिकू लागली. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांचे रूप त्या लेपाने बदलले. आपल्या देशात तामिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ पासून चालू असलेल्या केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेनेही टायटॅनियमची अशी अग्रे विकसित केली. जाता जाता सांगायचे तर या संस्थेसाठी अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले होते. दानशूरांविषयी पुढे बोलायचे आहे, म्हणून ही आठवण.

रुथेनियमचा लेप क्लोरीन छान बनवतो, म्हणून रंग पटकन घालवतो. पण रेणू पुरता जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करणे त्याला सहसा जमत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीची अग्रे लागतात. लोझान येथील ख्रिस्तोस कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये याची उकल नीट मांडली. काही पृष्ठभाग ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतात, तिथे ऑक्सिडीकरण अर्ध्यावर राहते. काही पृष्ठभाग हायड्रॉक्सिल मूलकांना सैल सोडतात, आणि ती मूलके समोर येईल त्या रेणूचा फडशा पाडतात. या दुसऱ्या जातीत लेड डायऑक्साइड आहे, अँटिमनी मिसळलेले टिन ऑक्साइड आहे आणि सर्वांत वरचढ म्हणजे बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर. होय, हिराच, पण दागिन्यातला नव्हे, वायूपासून प्रयोगशाळेत थरावर थर वाढवलेला.

प्रत्येकाला खोड आहेच. लेड डायऑक्साइड स्वस्त, पण त्यातले शिसे पाण्यात उतरण्याची धास्ती. टिन ऑक्साइडचे आयुष्य थोडे. हिऱ्याचा थर महाग, आणि पाण्यात मीठ असले तर तो क्लोराइडला पुढे ढकलत क्लोरेट आणि परक्लोरेटपर्यंत नेतो. ही द्रव्येही पाण्यात नकोच असतात. दुसरा एक मार्ग ऋणाग्राकडून जातो. कार्बनच्या ऋणाग्रावर हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवायचे आणि त्यात किंचित लोह घालायचे. फेंटन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये वर्णिलेली ही जोडी तीच हायड्रॉक्सिल मूलके तयार करते. मात्र पाणी चांगले आंबट करावे लागते, नंतर लोहाचा गाळ काढावा लागतो. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विरघळवून रंग गाळात बसवण्याचीही पद्धत आहे. ती सोपी आणि बरीच स्वस्त. पण तिथे रंग नष्ट होत नाही, पाण्यातून गाळात जातो. मग तो गाळ कोठे टाकायचा, हा प्रश्न उरतोच.

सारांश एवढाच, की रंग घालवणे सोपे आहे आणि रंगाचे मूळ घालवणे अवघड. किती अवघड, तेही पाहू. हा हिशेब आमच्या बारावीच्या विद्यार्थ्यांनी फळ्यावर करून दाखवला आणि आम्ही तो दोनदा तपासला (या वेळी तपासला!). पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायला 'सीओडी' म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी हे माप वापरतात : ती घाण पुरती जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते. एक ऑक्सिजन रेणू म्हणजे चार इलेक्ट्रॉन, ३२ ग्रॅम. तेव्हा एक किलो सीओडी संपवायला १२५ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे ३३५० अँपिअर-तास. ५ व्होल्ट धरले तर सुमारे १७ युनिट वीज. हे एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर. निम्मे वाया गेले तर ३४ युनिट.

आता एखाद्या कारखान्याच्या पाण्यात लिटरला ३००० मिलिग्रॅम सीओडी आहे आणि दिवसाला एक लाख लिटर पाणी बाहेर पडते असे समजा. म्हणजे दिवसाला ३०० किलो सीओडी, आणि सुमारे १०,००० युनिट वीज. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या पन्नास घरांची महिन्याभराची वीज एका कारखान्याने एका दिवसात! नदीत सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, तेव्हा शून्यापर्यंत जायची गरज नाही, हे खरे. पण पाणी जसजसे स्वच्छ होते तसतसे घाणीचे रेणू अग्रापर्यंत पोहोचणे कमी होते आणि वीज नुसता ऑक्सिजन बनवण्यात जाते. शेवटची थोडी घाण सर्वांत महाग पडते. आणि ही वीज येते कोठून? मही नदी वाचवण्यासाठी वीज वापरायची आणि ती वीज महीच्याच काठी वणाकबोरीला कोळसा जाळून करायची, असेही घडू शकते.

म्हणून हे तंत्र निरुपयोगी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट रंगकामाच्या पाण्याला ते एका अर्थी सोयीचेच आहे. सुती कापडाच्या गडद रंगासाठी लिटरमागे ६०–८० ग्रॅमपर्यंत मीठ घालावे लागते, त्यामुळे त्या पाण्यातून वीज सहज जाते. रसायनांच्या पिंपांची ने-आण कमी होते, जागा थोडी लागते, बटण दाबले की सुरू आणि बटण दाबले की बंद. जे पाणी इतके विषारी आहे की सांडपाणी प्रक्रियेतले जिवाणू त्यात जगत नाहीत, त्याच्यावर आधी थोडी वीज चालवून कठीण रेणूंचे तुकडे करायचे आणि मग ते जिवाणूंच्या हवाली करायचे, हा उपयोग आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मात्र त्यासाठी घाण पाणी जिथे निर्माण होते तिथेच, थोडे आणि दाट असतानाच अडवले पाहिजे. दहा ठिकाणचे पाणी एकत्र करून, त्यात धुण्याचे पाणी मिसळून, पातळ करून शेवटी टोकाला हे यंत्र बसवणे म्हणजे डाळीत पडलेले मीठ काढायला सगळ्या पंगतीची डाळ एका पातेल्यात ओतण्यासारखे आहे. आणि रंगासोबत आलेले मीठ तर यातल्या कुठल्याच अग्राने जात नाही, ते जसेच्या तसे राहते.

पालक सभेत हे बोलणे निघाले तेव्हा नंदेसरीकडे पाळीवर जाणारे एक पालक उठून म्हणाले, "आमच्याकडे रोजची कटकट हीच. रंग जातो, सीओडी जात नाही." त्यांनी जे एका वाक्यात सांगितले ते आम्हांला इतके परिच्छेद लागले.

दुसरे एक पालक मात्र अस्वस्थ झाले. "शाळेने कारखान्यांविरुद्ध लिहू नये. आपल्यातल्या किती घरांची चूल त्यांच्यावर पेटते?" हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. आमच्या पटावरच्या अनेक मुलांची फी रंग, औषधे आणि रसायने यांच्याच पगारातून येते. आणि हे आजचे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले तेव्हा रंगकाम हा तिथला मानाचा विषय होता. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रंगरसायनांतलेच जाणकार. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेंबिकचा पाया घातला. कलाभवनाची परंपरा पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रशाखेत गेली, आणि आपल्यातल्या कितीतरी आजोबांनी, वडिलांनी तिथूनच पदवी घेतली. रंगाला नावे ठेवून बडोद्यात आम्ही जाणार कुठे?

गज्जरांची एक हकीकत मात्र इथे सांगितलीच पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते काम आपले होते, असे पुढे दामोदर चापेकरांनी कबूल केले. संगमरवरात मुरलेले ते डाग भल्याभल्यांना निघेनात. ते काढले गज्जरांनी. पुतळा कुणाचा आणि डांबर कुणाचे हा इतिहासाचा विषय. आम्हांला त्यातली रसायनशास्त्राची बाजू मोह घालते. रंग चढवण्याची विद्या शिकवणारा माणूस डाग उतरवण्याची विद्याही जाणत होता. बडोद्याने पहिली विद्या घराघरांत नेली. दुसरीकडे आपले थोडे दुर्लक्ष झाले.

दुर्लक्षाची किंमत काय असते, ते आपल्या शेजारी घडून गेले आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड बनू लागले. ॲझो रंगांसाठी लागणारे हे मधले द्रव्य. उत्पादन फार काळ चालले नाही. पण टाकलेला गाळ पावसाबरोबर जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी काळपट झाले, ते माणसांना, गुरांना आणि शेतीलाही चालेना. 'जो प्रदूषण करील त्याने भरपाई करावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये लागू केले ते याच गावाच्या खटल्यात. एच-ॲसिडचे कारखाने आपल्या गुजरातेतही आहेत. अहमदाबादच्या औद्योगिक वसाहतींतले शेकडो कारखाने गुजरात उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंद करायला लावले होते, हेही जुन्या पालकांना आठवत असेल. तेव्हा चुली विझल्या त्या सांडपाण्याविषयी कोणी लिहिले म्हणून नव्हे. वेळेवर कोणी मोजले नाही, म्हणून विझल्या.

आपल्या बडोद्यात १९८३ पासून कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने मही नदीच्या मुखाकडे, खंभातच्या आखातात नेले जाते. ती व्यवस्था झाली तेव्हा ती देशात वेगळी होती आणि शहराजवळच्या नदीनाल्यांवरचा भार तिने कमी केला, हे मान्य केले पाहिजे. पण वाहिनी पाणी दूर नेते, शुद्ध करत नाही. ज्या गावांवरून ती जाते त्या गावांतही शाळा आहेत, तिथेही मुले मूग भिजत घालतात.

आता विश्वस्तांपुढे असलेल्या विषयाकडे येतो. शाळेच्या एका हितचिंतकांनी, ज्यांचा स्वतःचा या क्षेत्रात व्यवसाय आहे, प्रयोगशाळेसाठी एक कायमस्वरूपी चालते यंत्र देऊ केले आहे : काचेची टाकी, लेप दिलेली टायटॅनियमची अग्रे, वीजपुरवठा, सगळे काही. त्यावर 'शुद्ध जल प्रकल्प' अशी पाटी असावी आणि ते प्रवेशद्वारापाशी ठेवावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्यांच्या भावनेबद्दल आम्हांला शंका नाही. अशा अग्रांची किंमत पाहता शाळेला ती स्वतःहून घेणे जमले नसते.

तरीही आमचे मत असे, की यंत्र घ्यावे, पाटी घेऊ नये. निदान त्या शब्दांत घेऊ नये. यंत्राशेजारी एक साधा फळा असावा. त्यावर पाणी आत जाताना आणि बाहेर येताना केलेल्या मोजण्या मुलांनी खडूने लिहाव्यात : आम्लता किती, क्षार किती, क्लोरीन उरला का, सीओडी किती, वीज किती युनिट. आकडे वाईट आले तरी लिहावेत. देणगीदारांचे नाव खाली मोठ्या अक्षरांत असावे, त्याला आमची अजिबात हरकत नाही. प्रवेशद्वाराऐवजी यंत्र प्रयोगशाळेतच खिडकीजवळ ठेवावे, कारण त्यातून क्लोरीन आणि हायड्रोजन दोन्ही निघतात आणि प्रवेशद्वारापाशी पहिली-दुसरीची मुले सतत असतात. एवढे कारणही पुरेसे आहे.

आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी हे ऐकून हसत म्हटले, "अहो, शाळा आहे ही, कोर्ट नव्हे." आप्पा, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो : कोर्टात निदान दुसऱ्या बाजूचा वकील असतो. शाळेत आम्ही जे फळ्यावर लिहू ते मुले खरेच मानतात. नववीच्या त्या तीन मुलांपैकी कोणी उद्या अशाच कारखान्यात पाळीप्रमुख होईल. रंग गेलेल्या पाण्याचा नमुना समोर येईल, आणि 'शुद्ध' असे लिहून सही करायची वेळ येईल. त्याने ती सही करण्याआधी तळाकडे पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. आणि ती सवय लावायची तर पाटीपासूनच लावावी लागेल. देणगीदार नाराज होतील का? होऊ शकतील. पण रसायनांच्या धंद्यातल्या माणसाला आकड्यांचे वावडे असेल असे आम्हांला वाटत नाही; आणि असले, तर मग यंत्राविषयी पुन्हा विचार करावा.

आणखी एक गोष्ट स्वतःच्या घरातली. प्रदर्शन संपल्यावर त्या दोन्ही भांड्यांतले पाणी आपण कुठे ओतले? प्रयोगशाळेच्या मोरीत. वर्षभराची आम्ले, क्षार, तांब्याची आणि शिशाची संयुगेही तिथेच जातात. दुसऱ्यांना सांडपाण्यावर निबंध लिहायला लावणाऱ्या शाळेला हे शोभत नाही. पुढील सत्रापासून जड धातूंचे पाणी वेगळ्या झाकणाच्या पिंपात साठवावे आणि ते अधिकृत ठिकाणी पाठवावे, असे आम्ही मुख्याध्यापकांना सुचवले आहे. थोडा खर्च येईल. तो स्नेहसंमेलनाच्या मंडपातून वाचवता येईल, असे आमचे वैयक्तिक मत.

सीओडीची चाचणी आपल्याला शाळेत करता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. तिला डायक्रोमेट, पाऱ्याचे संयुग आणि तीव्र गंधकाम्ल लागते, दोन तास उकळावे लागते, आणि मागे उरते ते स्वतःच घातक असते. बारावीचे विद्यार्थी पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन शिकतातच. त्यावरून ढोबळ अंदाज येईल. क्लोरीनसाठी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचा कागद पुरे, तो आठवीच्या मुलांनाही करता येतो. क्षारांसाठी खिशातले मीटर मिळते. सीओडीसाठी मात्र बाहेरची मदत हवी. पालकांपैकी जे अशा प्रयोगशाळांत काम करतात, त्यांनी दोन-चार नमुने तपासून देण्याची तयारी असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत विज्ञानाच्या बाईंना भेटावे. नमुने काचेच्या बाटल्यांत भरून, तारीख घालून, शीतपेटीत ठेवलेले आहेत. मूगवाल्या मुलीने त्यांवर क्रमांक घातले आहेत, आणि कोणत्या क्रमांकाचे पाणी कोणते, ते निकाल येईपर्यंत ती कुणालाही सांगणार नाही. आम्हांलाही नाही.